उत्तर

पुण्यात पत्ता विचारला
की सांगणारा आधी तुमचा प्रश्न दुरुस्त करतो.
दगडही त्यातलाच निघाला.

वेताळ टेकडीवरच्या बंद पडलेल्या खाणीत
आम्ही त्याच्या अंगावर पेन्सिलीने बाण काढला,
बाणापाशी उ लिहिला,
तुकडा कापून कॉलेजात आणला.
बाण विद्यापीठाकडे होता, होकायंत्राच्या साक्षीने.
यंत्राने तीन दिवस दगडाला विचारलं, उत्तर कुठली?
तो म्हणाला, कात्रजकडची.
जराशी सासवडच्या अंगाला,
आणि खाली, जमिनीत.

सर म्हणाले, त्याचं बरोबर आहे.
लाव्हा निवत असताना
लोहाचे कण त्या घटकेच्या उत्तरेला तोंड करून बसतात
आणि मग उठत नाहीत.
पुढे पृथ्वीच्या चुंबकाने टोकं बदलली, कितीदा तरी.
ही जमीन विषुववृत्तापलीकडून
डोक्यावरचे केस वाढावेत तितक्या बेताने
इथवर चालत आली.
साडेसहा कोटी वर्षं.
कसबा नाही, नदीला नाव नाही,
नावं ठेवायला माणूस नाही.
दगड आपला त्याच म्हणण्यावर.

दिशा ती उत्तर, प्रश्नाचं ते उत्तर.
शाळेत यावर माझा अर्धा गुण गेला होता.
त्या दिवशी वाटलं, बाईंना एकदा भेटून यावं.

काप घासून द्यायचे यल्लप्पा धोत्रे.
काचेला चिकटवलेला दगड,
कार्बोरंडमची ओली पूड, गरगरती चक्री,
तीन शतांश मिलिमीटर उरेपर्यंत.
बोटांना कळतं, म्हणायचे.
त्यांची आई नारायण पेठेत
पाट्यांना टाकी लावत फिरली, जन्मभर.
घासून गुळगुळीत झालेला दगड कामाचा नाही,
हे तिचं शास्त्र.
मुलाचं त्याच्यापुढचं:
घासत राहिलं की एका क्षणी
दगड उजेड आत घेतो.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
पायरीचा, उखळाचा, कुंपणाचा तोच काळा कातळ,
आणि आत करड्या-पांढऱ्या पट्ट्या,
मोरपिशी, हळदी,
वांग्याच्या फुलाचा जांभळा.
मी बोलत सुटले.
म्हणजे अपारदर्शक असं काही नसतंच,
नुसती जाडी असते,
माणसांचंसुद्धा...
"ते काळे ठिपके बघितले का?" यल्लप्पा म्हणाले.
"ते न्हाई उजळत. मी लई घासून बघितलंय.
काप संपतो. ते काळंच."
सर पाठमोरेच बोलले, मॅग्नेटाइट.
उत्तर धरून बसलेलं तेच.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं,
किती तापवला की विसरतो?
पाचशेऐंशी अंश.
"लाकडाच्या आगीत होत्यात तेवढे?"
होतात, मी म्हटलं,
आणि मग कळलं ते कुठली आग विचारतायत.
महिनाही झाला नव्हता.
काय बोलावं सुचेना, म्हणून पुस्तकातलंच पुढे सांगत गेले:
पुन्हा निवताना तो कोरा राहत नाही,
त्या दिवशीची उत्तर घेतो.
विटा घेतात, मडकी घेतात, चुलीची मातीही.
जुनी चूल सापडली
तर ती शेवटची कधी पेटली
याचा त्यावरून अंदाज बांधतात.
ते चक्री धूत राहिले.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी टेबलावर
वर्तमानपत्रात बांधलेलं ढेकूळ ठेवलं.
भाजलेली माती, एक बाजू काजळी.
वर खडूचा बाण,
बाणापाशी उ, थोडा कललेला.
"जनता वसाहतीतलं हाय. काढायच्या आधी खूण केली.
होकायंत्र नव्हतं,
पर्वतीवरनं अदमास घेतला."

मी नोंदवही उघडली.
ठिकाण लिहिलं. खोली: शून्य.
वयाच्या रकान्यात
'कोटी वर्षे' आधीच छापलेलं होतं.
ते खोडून लिहिलं,
सहा आठवडे.